ए५२ चा खरा वारस कोण? ए५६ घेण्याआधी टेबलाच्या या बाजूने

धायरीच्या एक ताई दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेतात. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा. चार वर्षं सॅमसंगचा गॅलेक्सी ए५२ वापरला, एकदाही रडवलं नाही. आता बॅटरी दुपारी चारला मान टाकते आणि मेमरी कार्डही भरलं आहे. शिकवण्यांचे व्हिडिओ त्या याच फोनवर काढतात, कॉलरला लावायचा वायरचा माइक वापरून. भाऊ म्हणतो, ए५६ हा ए५२ चाच पुढचा, कागदावर सगळ्यात सरस, डोळे झाकून घे. दुकानदार म्हणतो, ए५५ उरलाय, स्वस्तात देतो. चाळीस हजारांपर्यंत तयारी आहे. काय करावं?

ताई, आधी एक सांगतो. मी फोन विकत नाही, उघडतो. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास दुरुस्तीचं टेबल टाकून बसलो तेव्हा नोकिया ११०० चे कीपॅड बदलायचे दिवस होते. तेव्हापासून लोकप्रिय मॉडेलचे बरेच वारस टेबलावर उताणे पडलेले पाहिले. नवीन मॉडेलमध्ये काय आलं हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. जुन्यातलं काय गेलं हे कुठेच छापत नाहीत. म्हणून मी हिशोब नेहमी गेलेल्यापासून सुरू करतो.

ए५२ आला मार्च २०२१ मध्ये, ६/१२८ ची (६ जीबी रॅम, १२८ जीबी जागा) किंमत होती २६,४९९ रुपये. त्यात ३.५ मिमीचं हेडफोनचं भोक होतं, खोक्यात चार्जर होता, कार्डाची सोय होती, पाठ प्लॅस्टिकची होती आणि वर आयपी६७, म्हणजे पाणी-धूळ अडवण्याचा दर्जा. लोकांना तो का आवडला याचं उत्तर याच यादीत आहे. पुढच्याच वर्षी ए५३ आला ३४,४९९ ला. त्यात भोक गेलं आणि चार्जरही गेला. २०२३ चा ए५४ आला ३८,९९९ ला, त्यात प्लॅस्टिकच्या पाठीच्या जागी काच आली. २०२४ चा ए५५ होता ३९,९९९ चा, त्यात धातूची चौकट आली, कार्ड मात्र राहिलं. मार्च २०२५ मध्ये ए५६ आला ४१,९९९ ला आणि कार्डाचा खाचाही गेला. सेल्फीचा कॅमेरा तुमच्या फोनमध्ये ३२ मेगापिक्सेलचा आहे, ए५५ मध्येही तेवढाच होता, ए५६ मध्ये तो १२ चा आहे.

आता हे आकडे शेजारी ठेवा. २६,४९९ आणि ४१,९९९. तुमचा ए५२ फोरजी होता आणि मधल्या काळात फाइव्हजी आलं, हे मान्य. तरी साडेपंधरा हजारांचा फरक म्हणजे दुसऱ्याच मजल्यावरचं घर झालं. जिन्यावरच्या पाटीवर आडनाव तेच, एवढंच.

याचा अर्थ ए५६ वाईट आहे असा नाही. चांगला फोन आहे, आणि तुमच्या ए५२ वरून गेलात तर पहिल्या पाच मिनिटांत फरक कळेल. ए५२ मधली स्नॅपड्रॅगन ७२०जी चिप मोठ्या दोन कोअरवर, म्हणजे चिपमधल्या दोन ताकदवान भागांवर, गाडा ओढते. ए५६ मधल्या एक्झिनॉस १५८० या सॅमसंगच्याच चिपमध्ये मोठे कोअर चार आहेत, तेही ए७२० पिढीचे; ए५५ पर्यंत ते जुन्या ए७८ पिढीचे होते. पडदा ९० हर्ट्झचा होता, आता १२०. चार्जिंग २५ वॉटचं होतं, आता ४५. वजन १९८ ग्रॅम, म्हणजे तुमच्या फोनपेक्षा नऊच ग्रॅम जास्त, आणि ए५५ च्या २१३ पेक्षा पंधरा ग्रॅम कमी. ए५५ हातात घेऊन पाहा, वीट वाटते. दिवसभर हातात फोन धरून शिकवणाऱ्याला पंधरा ग्रॅम कळतात.

आता तुमच्या कामाचं, सविस्तर.

माइकपासून सुरू करू, कारण भावाच्या तक्त्यात तो नसणार. तुमचा कॉलर माइक ३.५ मिमी पिनचा आहे. ए५६ ला ते भोक नाही, म्हणून तुम्ही रस्त्यावरून शंभर रुपयांचं टाइप-सी कन्व्हर्टर आणाल, लावाल आणि काहीच रेकॉर्ड होणार नाही. मग फोन खराब म्हणून माझ्याकडे याल. आठवड्याला एक तरी असा येतो. गोष्ट अशी आहे की ते स्वस्त कन्व्हर्टर म्हणजे नुसती वायर असते, आवाजाचं रूपांतर फोननेच करावं अशी तिची अपेक्षा. सॅमसंगचे असे फोन टाइप-सी मधून तो जुन्या पद्धतीचा आवाज देतही नाहीत, घेतही नाहीत. कन्व्हर्टरच्या आतच रूपांतराची छोटी चिप लागते. विकत घेताना ‘डीएसी असलेलं’ असं स्पष्ट म्हणा, आणि त्यातही माइक चालतो का ते दुकानातच दोन वाक्यं बोलून, रेकॉर्ड करून, ऐकून बघा. काही कन्व्हर्टर फक्त ऐकायच्या कामाचे असतात. नाहीतर थेट टाइप-सी चा माइक घ्या. तो खर्च फोनच्या किमतीतच धरा.

मग कार्ड. तुमच्याकडे चार वर्षांचे व्हिडिओ कार्डावर आहेत. ए५६ मध्ये ते जाणार नाही. १२८ जीबीचं मॉडेल घेतलंत तर त्यातले पंचवीस-तीस जीबी सिस्टिमच खाऊन बसते. उरलेल्यात व्हॉट्सॲप, पालकांचे ग्रुप, गृहपाठाचे फोटो आणि तुमचे व्हिडिओ. वर्षभरात पुन्हा ‘जागा नाही’ची पाटी. घ्यायचाच असेल तर २५६ घ्या. ८/२५६ ची पहिली किंमत ४४,९९९ होती. १२८ वाला घेऊन तीन हजार वाचवलेले लोक पुढे क्लाउडचं भाडं महिन्याच्या महिन्याला भरताना पाहिलेत. जुनं कार्ड मात्र वाया जात नाही. टाइप-सी ला लागणारं बोटभर कार्ड रीडर मिळतं, ते लावलं की नव्या फोनवर जुने व्हिडिओ उघडतात. फक्त ते सतत लावून ठेवता येत नाही, आणि एकाच भोकात चार्जर, माइक आणि रीडर अशी भांडणं होतात.

सेल्फीच्या ३२ च्या जागी १२ झाल्याचं ऐकून भाऊ नाक मुरडेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. एकूण ठिपके कमी केले की प्रत्येक ठिपका मोठा करता येतो, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात तेच कामाला येतं. समोरच्या कॅमेऱ्याने शिकवत असाल तर दुकानात दोन्ही फोनवर अर्धा-अर्धा मिनिट काढून पाहा, आकडा विसरून. मागचा मुख्य कॅमेरा ए५४, ए५५ आणि ए५६ तिन्हींत ५० मेगापिक्सेलचा, एफ/१.८, सेन्सरचा आकारही तोच. जोडीला १२ चा वाइड आणि ५ चा मॅक्रो. तो मॅक्रो कोण वापरतं हे मला आजतागायत समजलेलं नाही. तीन वर्षं तेच लेन्सचं कुटुंब, म्हणजे फोटोंसाठी ए५५ वरून ए५६ ला जाण्याचं कारण नाही.

नवीन मॉडेल जुन्यापेक्षा पुढेच असतं, हे गृहीतक इतरही कंपन्यांत फसलेलं आहे. रेडमी नोट १० प्रो २०२१ मध्ये फोर-केमध्ये व्हिडिओ काढायचा. पुढच्या वर्षीच्या नोट ११ प्रो मध्ये चिप बदलली आणि व्हिडिओ १०८० वर येऊन थांबला. सॅमसंगमध्येच पाहा: ए५२ चीच सुधारलेली आवृत्ती असलेल्या ए५२एस मधला स्नॅपड्रॅगन ७७८जी त्याच्या मागून आलेल्या ए५३ च्या एक्झिनॉस १२८० पेक्षा जोरकस होता. ज्यांनी आकडा मोठा म्हणून घेतला ते मागे गेले.

आता ए५५ ची गोष्ट, कारण दुकानदार तुम्हाला तोच गळ्यात घालणार. त्याचं कार्ड ही त्याची जमेची बाजू. फक्त दोन सिम किंवा एक सिम आणि कार्ड, हे तुमच्या सध्याच्या फोनसारखंच. पण सुरक्षेच्या अपडेटची घड्याळं वेगळी आहेत. ए५५ ला अँड्रॉइडच्या ४ नव्या आवृत्त्या आणि ५ वर्षांची सुरक्षा दिली आहे. ए५६ ला दोन्ही ६. आणि ही वर्षं फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजायची, तुम्ही पैसे दिले त्या दिवसापासून नाही. ए५५ ची मार्च २०२९ ला संपतात, मग तुम्ही तो आज घ्या किंवा पुढच्या दिवाळीला. ए५६ ची मार्च २०३१. तुमच्या ए५२ ला चार वर्षांची सुरक्षा होती, म्हणजे २०२५ मध्ये ती संपली. अँड्रॉइड १४ वर तो थांबला आहे. पालकांची फी यूपीआयवर घेत असाल तर ही गोष्ट बॅटरीपेक्षा गंभीर धरा.

हिशोब असा करा: दुकानातला आजचा भाव भागिले उरलेली वर्षं. समजा ए५५ तुम्हाला २८,००० ला मिळतोय आणि ३ वर्षं उरली आहेत, तर वर्षाला ९,३३३. ए५६ समजा ४०,००० आणि ५ वर्षं, तर ८,०००. गणित तुम्हीच शिकवता. भाव रोज बदलतो, म्हणून माझे आकडे सोडा आणि तुमचे घाला. याशिवाय खोक्यात वर्षभर पडून राहिलेल्या फोनची बॅटरीही वर्षभर म्हातारी झालेली असते. स्वस्त मिळतोय म्हणून घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा महिना वाचा.

टेबलावरून जे दिसतं ते आता सांगतो, कारण याबद्दल व्हिडिओवाले बोलत नाहीत.

डिस्प्ले. आम्ही त्याला फोल्डर म्हणतो. ए५६ सारख्या फोनचा पडदा एमोलेड, म्हणजे प्रत्येक ठिपका स्वतः पेटणारा, आहे आणि बोटाचा ठसा पडद्याखालूनच वाचला जातो, उजेडाने. फोन पडला, काच गेली, की बाजारात तीन प्रकारचे फोल्डर मिळतात. कंपनीचा, ज्याला आम्ही सर्व्हिस पॅक म्हणतो; मग कॉपी ओएलईडी; आणि सगळ्यात स्वस्त इनसेल, म्हणजे साधा एलसीडी. मागच्या पावसाळ्यात एक काका आले. दुसऱ्या एका दुकानात ‘ओरिजिनल’ म्हणून फोल्डर टाकून घेतलेला, निम्म्या पैशात. तक्रार अशी की ठसा चालत नाही आणि फोन गरम लागतो. काळा वॉलपेपर लावला आणि फोन टेबलाखाली अंधारात धरला. काळा रंग राखाडी दिसत होता, कडेने उजेड गळत होता. एमोलेडमध्ये काळा म्हणजे ठिपका विझलेला. इथे मागे दिवा पेटलेला होता. इनसेलच्या मागच्या दिव्यातून ठशाचा सेन्सर आरपार पाहूच शकत नाही. काकांना म्हटलं, सेन्सर ठीक आहे, त्याच्या डोळ्यावर पट्टी बांधली आहे. म्हणून फोन घेण्याआधी त्याच्या सर्व्हिस पॅकचा भाव विचारून ठेवा. फोनच्या किमतीच्या चौथाईच्या वर गेला तर पहिल्या दिवसापासून चांगलं कव्हर, नाहीतर डिस्प्लेचा विमा.

काचेची पाठ. तुमच्या ए५२ ची प्लॅस्टिकची पाठ किती वेळा पडली आठवा. ए५६ दोन्ही बाजूंनी काच आहे. काच नावाजलेली असली तरी कोब्यावर कोपऱ्यावर पडली की नाव विचारत नाही. पाठ बदलायला ती गरम करून सोलावी लागते, आणि एकदा सोलली की पाणी अडवणारा चिकट पट्टा गेला. नवा पट्टा नीट बसवला नाही तर आयपी६७ फक्त खोक्यावर उरतं. तसंही आयपी६७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास, तेही नव्या फोनला. पाण्याचं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. सिमचा ट्रे बाहेर काढा, त्याच्या गळ्याला केसाएवढं बारीक रबरी कडं दिसेल. ते फाटलं की पावसाचं पाणी तिथूनच शिरतं. सिम बदलताना पिन घाईने खुपसू नका.

आणि पुण्यात राहून हे सांगायलाच हवं: फोन स्कूटरच्या हँडलवर लावू नका. मुख्य कॅमेऱ्यात ओआयएस आहे, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय, म्हणजे भिंग चुंबकांच्या आधाराने तरंगत असतं. इंजिनाची थरथर आणि सिंहगड रस्त्याचे खड्डे मिळून ते खिळखिळं करतात. आयफोनबद्दल ॲपलने २०२१ मध्ये हीच सूचना जाहीर केली होती, मोटरसायकलवर थेट लावू नका अशी. लक्षण ओळखायला सोपं आहे. कॅमेरा चालू केला की चित्र थरथरतं आणि मागून ‘टिक-टिक’ येतं. नकाशा लागतच असेल तर कानात एक इअरबड घाला आणि फोन खिशात ठेवा.

‘एक्झिनॉस तापतो’ हे सगळेच विचारतात. ही बदनामी जुन्या महागड्या फोनांनी कमावलेली, तिला धरून बसू नका, पण तपासून घ्या. एखाद्या मित्राचा ए५६ मागून दुपारी दोनला गच्चीवर न्या, पंधरा मिनिटं फोर-केमध्ये सलग व्हिडिओ काढा. पडदा स्वतःहून मंद झाला किंवा रेकॉर्डिंग थांबलं तर तुमच्या कामाला तो नाही. त्याच वेळी उन्हात पडदा वाचता येतो का तेही कळेल. ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा. जाहिरातीतला १,९०० निट्सचा (पडद्याच्या उजेडाचा) आकडा भर उजेडात, फोनने स्वतः ठरवलं तरच मिळतो. दुकानाच्या एसीत, दिव्याखाली सगळेच पडदे सुंदर दिसतात. लक्ष्मी रस्त्यावर फुटपाथवर येऊन बघा.

चार्जर खोक्यात नाही, फक्त केबल आहे. ४५ वॉट हवे असतील तर पीपीएस (फोनच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलण्याची सोय) असलेला चार्जर आणि ५ अँपिअरची जाड केबल लागेल. जुना १५ वॉटचा लावलात तरी चालेल, रात्री लावून झोपणार असाल तर उलट बरंच.

भावाला न दुखवता एक नाव सांगतो. तुमच्या ए५२ चा किमतीने वारस ए५६ नाहीच. तो ए२६ आहे. त्याच मार्च २०२५ मध्ये आला, २४,९९९ ला. त्यात आयपी६७ आहे, कार्डाची सोय आहे, ६ वर्षांचे अपडेट आहेत, आणि चिप आहे एक्झिनॉस १३८०, जी दोन वर्षांपूर्वी ए५४ मध्ये ३८,९९९ ला विकली जात होती. कमी काय? चौकट प्लॅस्टिकची, वाइड कॅमेरा सुमार, ठसा बाजूच्या बटणावर. पण बाजूच्या बटणावरचा ठसा म्हणजे फोल्डर बदलला तरी ठसा शाबूत. दुरुस्तीवाल्याला याचं कौतुक वाटणारच. भोक त्यातही नाही, त्यामुळे कन्व्हर्टर चुकत नाही.

माझा कल असा. आधी या आठवड्यात ए५२ ची बॅटरी बदला. ईबी-बीजी७८१एबीवाय नावाची बॅटरी आहे, सॅमसंगच्याच एस२० एफई मध्येही तीच बसते, म्हणून सहज मिळते. कंपनीच्या केंद्रातून बदललीत तर उत्तम. बाहेर बदलायची असेल तर समोर बसून बदलून घ्या आणि जुनी बॅटरी फुगली होती का ते दाखवायला सांगा. त्यानंतर तो फोन फक्त शिकवण्यांच्या रेकॉर्डिंगला ठेवा, सिम काढून. माइक त्यात लागतो, कार्ड त्यात आहे, आणि बँकेचं ॲप त्यात नसलं की सुरक्षेची चिंताही तेवढी उरत नाही.

रोजच्या वापराला आणि यूपीआयला ए२६ घेतलात तर बजेटातले पंधरा हजार हातात राहतात. फोटोंची हौस असेल, फोन पाच वर्षं बदलायचाच नसेल, तर ए५६, पण २५६ जीबीचाच आणि पहिल्या किमतीला नाही. २०२१ ते २०२५ अशी पाच वर्षं या मालिकेचा नवा आकडा मार्चमध्येच आला, आणि तो आला की मागच्याचा भाव उतरतो. मार्च जवळ असेल तर बदललेल्या बॅटरीवर तेवढे दिवस निघतील. ए५५ तुमच्यासाठी मी धरत नाही.

घ्याल तेव्हा खोकं समोर फोडून घ्या. *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या आकड्याशी जुळवा. सेकंडहँड घेणार असाल तर केवायएम लिहून, जागा सोडून तो आकडा १४४२२ वर पाठवा, हरवलेला किंवा बंद केलेला असेल तर कळतं. मग *#०*# दाबा, रंगांची चौकट उघडेल. लाल, हिरवा, निळा असे रंग पूर्ण पडद्यावर आणा आणि एखादा ठिपका वेगळा दिसतो का बघा. आणि कॉलर माइक कन्व्हर्टरसकट बरोबर घेऊन जा, पैसे देण्याआधी एक गणित त्यात बोलून ऐका.